गोव्याच्या दमट हवेतले पडदे: कापड, माप, रॉड आणि धुलाई

प्रश्न थोडक्यात असा: ताळगावात नवा फ्लॅट घेतला आहे. दिवाणखान्याची खिडकी पश्चिमेकडे, 5 फूट रुंद आणि 4 फूट उंच. आधीच्या भाड्याच्या घरात अस्तर लावलेले जाड सुती पडदे होते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमारास त्यांवर काळे ठिपके पडले आणि धुऊनही गेले नाहीत. आता कापड कोणतं आणि किती घ्यावं, रॉड कसा बसवावा? शिवाय फोंड्याजवळच्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घरात पडद्याचे स्क्रू भिंतीत टिकत नाहीत, त्याला उपाय काय?

बुरशीपासूनच सुरुवात करू, कारण गोव्यात पडद्याचा प्रत्येक निर्णय शेवटी तिच्यापाशीच येतो. दुकानात रंग आणि नक्षी डोळ्यांत भरते. पण आधी विचारायचं ते हे, की हा पडदा जुलैत घरच्या घरी धुतला तर एका दिवसात वाळेल का? वाळणार नसेल तर तो कितीही देखणा असो, घेऊ नका.

बुरशीला ओल, खाणं आणि कोंडलेली हवा लागते. तुमच्या जुन्या पडद्यांनी तिला तिन्ही पुरवल्या. हवेत 65 टक्के आर्द्रता असताना सुती कापड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी हवेतूनच ओढून घेतं. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. लिनन आणि व्हिस्कोस सुतापेक्षाही जास्त घेतात. पावसाळ्यात आपल्याकडची हवा 80 टक्क्यांच्या वर असते, म्हणजे न भिजलेला सुती पडदासुद्धा चार महिने ओलसरच असतो. सुताचा धागा हेच बुरशीचं खाणं. त्यात कडकपणासाठी खळ घातली असेल तर मेजवानीच, आणि कसर ही कीडही त्या खळीवरच येते. पॉलिएस्टरचा धागा बुरशीला खाता येत नाही, पण त्यावर बसलेली धूळ आणि स्वयंपाकघराचा तेलकटपणा खाता येतो. म्हणून मळलेल्या पॉलिएस्टरवरही ठिपके दिसतात, मात्र ते धुतले की निघतात. सुतावरचे निघत नाहीत, कारण तिथे बुरशी धाग्यातच शिरलेली असते. ठिपके आधी कुठे आले ते आठवून पाहा: अस्तराच्या आतल्या अंगाला, भिंतीला टेकणाऱ्या कडेला आणि खालच्या दुमडीत. तिन्ही ठिकाणी हवा खेळत नाही.

ताळगावाला आणखी एक कारण लागू होतं. करंझाळे-मिरामारच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येतं आणि कापडावर बसतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ ओल ओढून स्वतःच विरघळू लागतं. त्यामुळे समुद्राकाठच्या घरात दिसायला स्वच्छ असलेला पडदाही पावसाळ्यात हाताला चिकट लागतो. त्याला साबण लागत नाही, नुसत्या गोड्या पाण्यातून खळबळून काढला तरी पुरे. दीड-दोन महिन्यांनी एकदा हे कराच.

आता कापड. दिवाणखान्याला पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर जास्त असलेलं मिश्र कापड घ्या, मध्यम वजनाचं. 48 इंच पन्ह्याचा (कापडाच्या रुंदीचा) एक मीटर तुकडा 200 ते 270 ग्रॅम भरावा. याहून हलकं कापड पंख्याने उडत राहतं, जड कापड लवकर वाळत नाही. 'कॉटन फिनिश' म्हणून विकलं जाणारं बरंच कापड पॉलिएस्टरच असतं. खात्री हवी असेल तर कडेचे दोन-चार धागे मागून घरी जाळून पाहा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख राहते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. पश्चिमेच्या उन्हात गडद निळा आणि मरून लवकर विटतात. फिके, मातकट, राखाडी रंग जास्त टिकतात आणि मागची बाजू फिकी असेल तर ऊनही थोडं परत फिरतं. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काचेतून आत आलेली उष्णता आतला पडदा पूर्णपणे थांबवू शकत नाही. दुपारी खोली तापते ही खरी तक्रार असेल तर बाल्कनीत, काचेच्या बाहेर, बांबूची गुंडाळायची चटई लावा. उतरतं ऊन तिरपं येत असल्यामुळे वरच्या सज्जाचा पश्चिमेला फारसा उपयोग होत नाही, चटईचा होतो.

सुती किंवा हातमागाचं कापड वापरूच नये असं नाही. ते आतल्या दारांना, पूर्वेच्या कोरड्या खोलीला छान दिसतं. फक्त बिनअस्तराचं ठेवा आणि खळ घालू नका. शिवायच्या आधी ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच शिंप्याकडे द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात सर्रास 3 ते 5 टक्के आटतं. पाच फुटी पडद्याला हा दोन-तीन इंचांचा फरक असतो आणि तो शिवल्यावर कळतो.

बेडरूमला अंधार हवा असेल तर ब्लॅकआउटचे दोन प्रकार नीट ओळखा. एकात कापडाच्या मागे पांढरा किंवा राखाडी, रबरासारखा लेप असतो. आपल्या हवेत काही वर्षांत तो चिकट होतो, घड्यांवर तडकतो आणि सोलून निघतो. पिळला तर आणखी लवकर. दुसऱ्यात लेप नसतो, पुढच्या आणि मागच्या धाग्यांमध्ये काळा धागा विणलेला असतो. कापड कडेने उलगडून पाहिलं की मधले काळे धागे दिसतात. दुसरा प्रकार घ्या. संपूर्ण काळोख होत नाही, पण तो मशीनमध्ये धुता येतो. अस्तर हवंच असेल तर शिवून जोडू नका. वेगळ्या रॉडवर किंवा हुकांनी अडकवलेलं असू द्या, म्हणजे पावसाळ्यात काढून ठेवता येतं.

मापं. तुमची खिडकी 60 इंच रुंद, 48 इंच उंच. रॉड दोन्ही बाजूंना 8-8 इंच जास्त घ्या, म्हणजे 76 इंच. पडदे उघडल्यावर कापड काचेवर न राहता भिंतीसमोर गोळा होतं, उजेड आणि वारा पूर्ण मिळतो. रॉडची वरची कड चौकटीच्या 4 इंच वर ठेवा. पडदा खिडकीच्या कट्ट्याखाली 8 इंच उतरू द्या. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीच्या खाचेत तिरप्या पावसाचं पाणी साचून कट्ट्यावर येतं, आणि काठ बरोबर कट्ट्याला टेकत असेल तर तो तेच पाणी शोषतो. जमिनीपर्यंतचे पडदे हवे असतील तर फरशीपासून पूर्ण एक इंच वर ठेवा, तळमजल्यावर दीड इंच. फरशीला लोळणारे पडदे आपल्याकडे टिकत नाहीत. पुसण्याचं पाणी आणि जमिनीची ओल दोन्ही त्यांत चढते.

तुमच्या पडद्याची उंची अशी निघेल: 4 अधिक 48 अधिक 8, म्हणजे 60 इंच. रिंगांचा (कापडातच गोल रिंगा बसवलेला) पडदा रॉडच्या वर दीड इंच उभा राहतो, म्हणून तयार माप साडेएकसष्ट. वरच्या पट्टीसाठी 4 इंच, खालच्या दुहेरी दुमडीसाठी 6 आणि शिलाईत जाणारा अर्धा इंच धरून एका पाटाला (पूर्ण पन्ह्याच्या एका उभ्या तुकड्याला) 72 इंच कापड लागतं. सुती असेल तर आटण्यासाठी 4 इंच वाढवून 76.

पाट किती? रॉडच्या दुप्पट कापड, म्हणजे 152 इंच. भागिले 48 इंच पन्हा, उत्तर तीनच्या थोडं वर. दुकानदार चार पाट सांगेल. तीन घ्या. चार पाटांत रॉडच्या 2.4 पट कापड होतं, घड्या दाट बसतात आणि मधली हवा अडते. तीन पाटांत शिलाई वजा जाता पावणेदोन पटीच्या आसपास मिळतं. रिंगांच्या पडद्याला ते भरपूर आहे. म्हणजे पॉलिएस्टरचं कापड साडेपाच मीटर, सुती असेल तर 6 मीटर. मोठी नक्षी असेल तर ती पाटापाटांत जुळवण्यासाठी पहिला सोडून प्रत्येक पाटाला नक्षीच्या एका आवर्तनाइतकं कापड वाढवा. 54 इंच पन्हा असेल तर हिशेब पुन्हा करा, पन्हा न विचारता मीटर सांगू नका. तयार पडदे घ्यायचे तर बाजारात 4 फूट रुंदीचे 5, 7 आणि 9 फूट उंचीचे मिळतात. तुमच्या खिडकीला पाच फुटी पडदा दीड इंच आखूड पडेल, तो चालून जाईल.

शिंप्याला तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या. दोन पल्ले, प्रत्येकी दीड पाट. तिसरा पाट उभा चिरून अर्धा अर्धा, आणि तो अर्धा भाग भिंतीच्या बाजूला, म्हणजे जोड घडीत लपतो. कडांना एक इंचाची दुहेरी दुमड. असा एक पल्ला तयार 67 इंच रुंद होतो. त्याला 10 रिंगा: पहिली कडेपासून 2 इंचांवर, पुढे दर 7 इंचांवर. रिंगांची संख्या नेहमी सम हवी. विषम असेल तर पल्ल्याची एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते आणि पडदा कायम वाकडा दिसतो. एक इंची रॉडला आतून 40 मिलिमीटर व्यासाची रिंग घ्या, नाहीतर सरकताना अडकते. रिंगा प्लास्टिकच्या घ्या. मुलामा दिलेल्या लोखंडी रिंगा एका पावसाळ्यात गंजतात आणि त्यांचं वर्तुळ कापडावर उमटतं.

रिंगांमधलं अंतर 7 इंच असलं की घडी रॉडच्या मागे सुमारे 3 इंच जाते. म्हणून ब्रॅकेट रॉडला भिंतीपासून किमान साडेतीन, शक्यतो 4 इंच पुढे धरणारा हवा. दोन-अडीच इंचांचा स्वस्त ब्रॅकेट घेतला तर प्रत्येक घडी भिंतीला टेकते आणि ठिपक्यांची रांग बरोबर तिथेच उठते. आत झिरझिरीत पडदा आणि बाहेर जाड अशी जोडी हवी असेल तर दुहेरी ब्रॅकेटवर बाहेरचा रॉड भिंतीपासून 6 ते 7 इंच पुढे लागतो. आतल्या झिरझिरीत कापडाला इतकी जागा लागत नाही.

रॉड स्टेनलेस स्टीलचा सांगून विकतात, पण त्यात फरक असतो. चुंबक लावून पाहा. घट्ट चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा, तो घेऊ नका. चिकटला नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, कारण 202 आणि 304 या दोन्ही प्रतींना चुंबक जवळपास लागत नाही, आणि समुद्राच्या हवेत 202 वर तांबूस डाग लवकर येतात. 304 लेखी मागा. पावडर कोटिंग केलेला अॅल्युमिनियमचा ट्रॅकही उत्तम चालतो. दोन्हीकडे स्क्रू मात्र स्टेनलेसचेच हवेत. ब्रॅकेटबरोबर पुडीत येणारे पिवळट स्क्रू काढून टाका, आधी तेच गंजतात आणि त्यांचा ओघळ भिंतीवर उतरतो. रॉडची टोकं टोपणांनी बंद करा. उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते.

पाच फुटांच्या पुढच्या रॉडला मधला ब्रॅकेट लागतोच, नाहीतर वर्षभरात पोट येतं. रिंगा त्या ब्रॅकेटवरून जात नाहीत, म्हणून पडदा मधोमध उघडणाराच हवा. एकाच बाजूला सरकणारा पडदा हवा असेल तर रॉडऐवजी ट्रॅक घ्या. बाजूचे ब्रॅकेट चौकटीपासून 5 इंचांवर लावा, म्हणजे रॉडची 3 इंच बाहेर उरतील. प्रत्येक पल्ल्याची शेवटची रिंग ब्रॅकेट आणि टोपण यांच्यामध्ये अडकवायची. त्यामुळे पडदा ओढला तरी बाहेरची कड जागची हलत नाही.

फ्लॅटमध्ये खिडकीवर काँक्रीटचं लिंटेल असतं, बहुधा 6 इंच उंच आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना तेवढंच पुढे गेलेलं. वरच्या मापाने ब्रॅकेट लावले तर भोकं बरोबर त्यात पडतात. हॅमर ड्रिल, 8 मिलिमीटरचं बिट, 2 इंच खोल भोक. आतली पूड फुंकून काढा, मगच प्लग ठोका. मध्येच बिट अडलं आणि धातूचा आवाज आला तर ती सळई आहे. जोर न लावता इंचभर बाजूला सरका.

चिऱ्यांच्या घराचं तंत्र अगदी उलटं. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ, जुन्या भिंतीत सांधे मातीचे किंवा चुन्याचे. हॅमर चालू ठेवून भोक पाडलं की ते वाटोळं न राहता आत पोकळ होतं आणि प्लग स्क्रूबरोबर फिरत राहतो. तुमचे स्क्रू याच कारणाने निघतात. हॅमर बंद करून सावकाश भोक पाडा, आधी 6 मिलिमीटरचं आणि मग तेच 8 चं. सांध्यात नको, चिऱ्याच्या मध्यावर. गिलाव्यामुळे सांधा दिसत नसेल तर बोटाच्या गाठीने ठोकून पाहा, शिवाय बिट अचानक सैल आत गेलं की सांधा लागला असं समजा. प्लग आणि स्क्रू किमान अडीच इंच लांब हवेत, कारण गिलाव्याचा अर्धा-पाऊण इंच धरतच नाही. मात्र अशा भिंतीत दोन-तीन ब्रॅकेटांवर सगळा भार देण्यापेक्षा खिडकीवर आडवी, वाळलेल्या सागवानी किंवा फणसाच्या लाकडाची 3 इंच रुंद आणि पाऊण इंच जाड पट्टी मारणं सगळ्यात खात्रीचं. पट्टीला दर फुटाला एक स्क्रू. त्यातले एक-दोन सैल पडले तरी बाकीचे भार पेलतात. ब्रॅकेट मग पट्टीवर. पट्टीच्या मागच्या बाजूला वाळवीचं औषध लावल्याशिवाय ती भिंतीला चिकटवू नका. पट्टी भिंतीच्या रंगात रंगवली की दिसतही नाही.

जुन्या घरांत लिंटेल, चौकट आणि जमीन सहसा एका पातळीत नसतात. पाणपातळीने रॉड अचूक बसवला आणि चौकट तिरकी असली तर नजरेला रॉडच वाकडा दिसतो. अशा वेळी रॉड चौकटीला समांतर ठेवा. पल्ले आत उघडणाऱ्या खिडकीला रॉड दोन्ही बाजूंना 12 इंच तरी जास्त घ्या, नाहीतर पल्ला कापड चिरडतो. शिंपल्यांची तावदानं शाबूत असतील तर त्यांवर जाड पडदा लावू नका. ती स्वतःच ऊन गाळून मऊ उजेड देतात, तिथे अर्ध्या उंचीचा झिरझिरीत पडदा पुरे.

वर्षभराचं वेळापत्रक ठरवून घ्या. मे संपायच्या आत जाड पडदे आणि अस्तरं उतरवा, धुवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा आणि सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, उरलेली थोडी ओलही तिच्यात कोंडते. कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. डांबराच्या गोळ्या घातल्या तर कापडाला थेट लागू देऊ नका. पावसाळाभर खिडक्यांना झिरझिरीत पॉलिएस्टर राहू द्या. सगळं घर धुऊन काढायची घाई चवथीला होते आणि पडदे नेमके अशा दिवसांत धुतले जातात जेव्हा काहीच वाळत नाही. चवथीला फक्त हलके पडदे धुवा. मशीनमध्ये दोनदा स्पिन करून ओलसर असतानाच रॉडवर चढवा आणि पंखा लावा. रात्रीत वाळतात आणि वजनाने सुरकुत्याही निघतात. सुती पडद्यांवर हा प्रयोग करू नका. जाड पडदे पाऊस थांबल्यावर, दिवाळीच्या सफाईत परत चढवा. एसीच्या खोलीत एसी बंद केल्याबरोबर खिडकी उघडू नका. गार झालेल्या पडद्यावर बाहेरची दमट हवा आली की तो ओला होतो.

धुताना: आधी कोरडेच झटका किंवा व्हॅक्यूमने धूळ ओढा. डिचोली-सत्तरीकडच्या लाल धुळीला तर हे फारच महत्त्वाचं. ती भिजली की चिखल होऊन धाग्यात बसते. मग साधं थंड पाणी आणि शेवटी साबण. रिंगा नाडीने एकत्र बांधून ते टोक जुन्या उशीच्या अभ्र्यात घाला. मशीन निम्मंच भरा. 30 ते 40 अंश, कमी वेगाचं स्पिन. गरम पाण्यात पॉलिएस्टरला पडलेल्या चुण्या इस्त्रीनेही जात नाहीत.

बुरशीचे ठिपके दिसले तर पडदा घरात झटकू नका. तोंडाला कापड बांधून बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने घासा. रंगीत कापडासाठी ऑक्सिजनवर चालणारी डाग काढायची पावडर कोमट पाण्यात घालून तीन-चार तास भिजवा. पांढऱ्या सुती कापडालाच फक्त ब्लीच: 5 लिटर पाण्यात 50 मिलिलिटर, 15 मिनिटं, मग भरपूर पाणी. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं अॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. लाल मातीच्या आणि गंजाच्या डागांवर ब्लीच वापरूच नका, लोहाचा डाग त्याने निघत नाही, उलट पक्का होतो. तिथे लिंबाचा रस आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, तासाभराने धुवा, गरज पडली तर पुन्हा करा. रंगीत कापडावर आधी आतल्या दुमडीत करून पाहा.

स्वयंपाकघराच्या खिडकीला अर्धा, नेफ्याचा, सुती पडदा लावा आणि गॅसच्या शेजारच्या खिडकीला काहीच लावू नका. देवघराच्या दारालाही पॉलिएस्टर नको. समई किंवा निरांजनाची ज्योत लागली तर ते वितळून थेंब थेंब खाली पडतं आणि अंगाला चिकटतं. तिथे सुती पडदा, तोही बाजूला बांधून ठेवता येईल असा, आणि दिव्यापासून तीन फुटांवर.